गोव्याच्या समुद्रातील धोकादायक जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरजी ते पाळोळेपर्यंतच्या किनाऱ्यांवर पोहणारे स्थानिक, सुट्टीत बेळगाव, कोल्हापूर आणि पुण्याहून येणारी कुटुंबे, रांपणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणारे मच्छीमार आणि घरी मासळी साफ करणाऱ्या गृहिणी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रथमोपचार आणि खबरदारी यांपुरती आहेत. श्वासाचा त्रास, छातीत दुखणे, वारंवार उलट्या, पापण्या मिटू लागणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर पुढे वाचत न बसता प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१. गोव्यात समुद्रात उतरताना विषारी प्राण्यांची भीती बाळगावी का?

सावधगिरी बाळगावी; भीतीने पाण्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर माणसाला भक्ष्य समजून त्याच्यावर चालून येणारा सागरी जीव जवळजवळ नाहीच. ज्या इजा होतात, त्या बहुतेक वेळा पाय पडल्यामुळे, हात लावल्यामुळे, जाळ्यातून सोडवताना किंवा लाटेबरोबर अंगाला चिकटल्यामुळे होतात. किनाऱ्यावरील खरा मोठा धोका बुडण्याचा आहे, आणि पावसाळ्यातील खवळलेला समुद्र व समुद्राकडे खेचणारे प्रवाह कोणत्याही जेलीफिशपेक्षा कितीतरी अधिक घातक आहेत. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक तैनात असतात. लाल बावटा असेल तेथे उतरू नये आणि लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहावे, हा नियम पाळला तर डंख झाल्यावर मदतीला माणूसही जवळच असतो.

२. जेलीफिश कोणत्या महिन्यांत अधिक दिसतात?

त्यांचे ठरावीक वेळापत्रक नाही. जेलीफिश स्वतः फार पोहत नाहीत. वारा, प्रवाह आणि भरती त्यांना जिकडे नेतील तिकडे त्या जातात. समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा वाहतो तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात आणि पावसाळा ओसरल्यानंतरच्या महिन्यांत, त्या किनाऱ्याला लागण्याची शक्यता वाढते. नोव्हेंबर २०२० मध्ये अवघ्या दोन दिवसांत गोव्यातील ९० हून अधिक जणांवर जेलीफिशच्या डंखासाठी प्रथमोपचार करावे लागले होते, आणि तो ऐन पर्यटन हंगाम होता. म्हणून महिना पाहण्यापेक्षा त्या दिवशीचा किनारा पाहावा. वाळूत पारदर्शक गोळे किंवा निळे फुगे (प्रश्न ६ मधील डंख करणारा जीव) पडलेले दिसले, तर तेच जीव समोरच्या पाण्यातही आहेत असे समजावे आणि उतरण्यापूर्वी जीवरक्षकाला विचारावे.

३. जेलीफिश डंखली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे?

प्रथम पाण्याबाहेर यावे, कारण वेदनेने घाबरलेला माणूस उथळ पाण्यातही गटांगळ्या खातो. जेलीफिशच्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म कोष असतात आणि प्रत्येक कोषात गुंडाळलेली विषारी सुई असते. स्पर्श किंवा दाब होताच ती सुटते. अंगाला चिकटलेल्या धाग्यांवर न फुटलेले असे असंख्य कोष शिल्लक असतात, त्यामुळे पहिल्या मिनिटांतील सगळा प्रयत्न ते कोष न फोडण्यासाठी करावा.

डंखाची जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. राहिलेले धागे चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचलावेत. ते खरवडू नयेत, वाळूने घासू नयेत आणि टॉवेलने चोळू नयेत. त्यानंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग किमान वीस मिनिटे बुडवावा. ऑस्ट्रेलियात निळ्या फुग्याच्या डंखांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने वीस मिनिटांत ८७ टक्के रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, तर बर्फाच्या पिशवीने ३३ टक्के रुग्णांच्या. पाणी किती गरम असावे, याचे उत्तर प्रश्न ८ मध्ये आहे. डोळ्याला डंख झाला असेल, लहान मुलाला डंख झाला असेल किंवा अंगाच्या मोठ्या भागावर वळ उठले असतील, तर प्रथमोपचारावर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

४. डंखावर लघवी, लिंबू, फेणी किंवा साधे पाणी ओतावे का?

यांपैकी काहीही ओतू नये. गोड्या पाण्यामुळे आणि मद्यार्कामुळे न फुटलेले कोष फुटण्याचा धोका असतो, आणि मग आधी जेवढे विष अंगात गेले असेल त्यात आपल्याच हाताने भर पडते. लघवीच्या उपायाला कोणताही वैद्यकीय आधार नाही. फेणी चोळण्याचा सल्ला आपल्याकडे वडीलधारी माणसे मनापासून देतात, आणि पाय मुरगळल्यावर चोळण्याची सवय त्यामागे असावी. परंतु येथे चोळणे आणि मद्य हे दोन्ही अपाय एकाच वेळी होतात. हा सल्ला कोणी दिला, तर त्यांचा मान ठेवून तो नाकारावा.

५. घरातले माडाच्या सुरेचे, म्हणजे माडीचे, व्हिनेगर लावले तर चालेल का?

हा प्रश्न गोव्यात हमखास येतो, कारण ही बाटली बहुतेक स्वयंपाकघरांत असते. उत्तर मात्र डंख कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशच्या, म्हणजे बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर निश्चित उपयोगी आहे. चार ते सहा टक्के अॅसिटिक आम्ल असलेले व्हिनेगर अर्धा मिनिट ओतल्याने तिचे न फुटलेले कोष निकामी होतात. निळ्या फुग्याच्या बाबतीत तज्ज्ञांत मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक सूचना त्यावर व्हिनेगर वापरू नये असे सांगतात, तर अमेरिकेतील हवाई विद्यापीठातील संशोधकांनी सहभाग घेतलेल्या २०१७ च्या अभ्यासात व्हिनेगर आणि त्यानंतर उष्णता हा क्रम लाभदायक आढळला.

माझे मत असे की डंख करणारा जीव ओळखता आला नसेल, तर जीवरक्षकाला निर्णय घेऊ द्यावा आणि तो नसेल तर समुद्राचे पाणी व नंतर गरम पाणी एवढ्यावर राहावे. घरगुती व्हिनेगरची तीव्रता बाटलीगणिक बदलते, म्हणून त्यावर विसंबू नये. व्हिनेगरने वेदना शमत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्याचे काम फक्त उरलेले कोष बंद करण्याचे आहे.

६. वाळूत पडलेला निळा फुगा मेलेला असेल ना? मुलांना तो हातात घेऊ द्यावा का?

अजिबात घेऊ देऊ नये. ‘पोर्तुगीज मॅन ओ वॉर’ या नावाने ओळखला जाणारा हा जीव जेलीफिशसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो एकमेकांना जोडलेल्या अनेक लहान जीवांची वसाहत असतो. त्यांतील एक भाग तरंगता फुगा होतो, दुसरा भक्ष्य पकडतो, तिसरा ते पचवतो. विषारी कोष सुटण्यासाठी जीव जिवंत असण्याची गरज नसते, त्यामुळे किनाऱ्यावर सुकत पडलेला फुगा आणि लाटांनी तुटून वाहणारा धाग्याचा तुकडा हे दोन्ही डंख करू शकतात. मोठ्या जीवाचे धागे ३० मीटरपर्यंत लांब असू शकतात, म्हणून पाण्यात फुगा दूर दिसत असला तरी त्याच्या भोवतीचे पाणी मोकळे असते असे नाही. जाळी झटकताना असे तुकडे डोळ्यांत उडतात, तेव्हा मच्छीमारांनी साधा चष्मा वापरला तरी पुष्कळ त्रास टळेल.

७. पाकटाचा काटा लागला तर काय करावे?

पाकट (स्टिंग रे मासा), ज्याला कोकणीत वागळें म्हणतात, उथळ पाण्यात वाळूचा पातळ थर अंगावर ओढून निवांत पडलेले असते. त्यावर पाय पडला की ते शेपटी वर उसळवते आणि शेपटीवरील दातेरी काटा घोट्याच्या आसपास घुसतो. काट्यावर विषारी ऊतींचे आवरण असते, जे जखमेत फाटते. त्यामुळे जखम लहान दिसत असली तरी वेदना असह्य असते आणि पहिल्या तासा-दीड तासात वाढत जाते.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापड दाबून तो थांबवावा, जखम धुवावी आणि पाय गरम पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे ठेवावा. हे विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने निकामी होते आणि आराम बहुधा लवकर जाणवतो. वेदना थांबली म्हणजे उपचार संपला, असा समज मात्र करून घेऊ नये. काट्याचे तुकडे आत राहतात, वाळू व आवरणाचे अवशेष राहतात आणि आठवड्याभराने पाय सुजून पू होतो. त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांकडून जखम तपासून घ्यावी, गरज असल्यास क्ष-किरण तपासणी करावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

एक अपवाद जिवाचा आहे. काटा छाती, पोट, मान किंवा जांघेत घुसला असेल, तर तो उपसू नये; आहे तसा स्थिर ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. ऑस्ट्रेलियन निसर्गप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी झालेला मृत्यू पाकटाचा काटा छातीत घुसल्यामुळेच झाला होता. असे प्रसंग फार विरळ असतात, पण छातीवरची जखम कधीही किरकोळ मानू नये.

टाळण्याचा उपाय सोपा आहे. उथळ पाण्यात पावले उचलून न टाकता वाळूत पाय घासत चालावे, म्हणजे पाकटाला कंप जाणवतो आणि ते आपणहून निघून जाते.

८. गरम पाणी नेमके किती गरम असावे, आणि ते कोणी टाळावे?

सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून अधिक तापवू नये. किनाऱ्यावर तापमापक नसतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या निरोगी माणसाने आपला हात त्या पाण्यात ठेवून पाहावा आणि त्याला ते चटका न बसता सोसले तरच वापरावे. जखमी माणसाच्या अंदाजावर विसंबू नये, कारण वेदनेत त्याला उष्णता नीट कळत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या व्यक्ती, तान्ही मुले आणि बधिरतेचे इंजेक्शन दिलेला भाग यांबाबत विशेष काळजी घ्यावी. विषाच्या वेदनेवर उपाय करता करता पाय भाजून घेतलेले रुग्ण डॉक्टरांकडे येतात. हा उपाय जेलीफिश, पाकट, शिंगाळा आणि काटेरी माशांसाठी आहे. समुद्रसापाच्या दंशावर त्याचा उपयोग नाही.

९. शिंगाळा साफ करताना काटा टोचला. हात कोपरापर्यंत ठणकतो. हे विषारी असते का?

होय. शिंगाळा, म्हणजे गोव्याच्या बाजारातील सांगट, याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे तीन कडक, दातेरी काटे असतात आणि त्यांवर विषारी आवरण असते. मासा मेल्यानंतरही ते टोचते. उपचार प्रश्न ७ प्रमाणेच करावा. बाजारातच कोळणीकडून काटे तोडून घ्यावेत. मासळी कापण्यात मुरलेल्या बायका आधी हे काटे उडवतात आणि मगच माशाला हात घालतात, यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. सूज चढत गेली किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

१०. समुद्रसाप आणि वाम यांत फरक कसा ओळखावा?

शेपटी पाहावी. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी असते आणि अंगावर खवले असतात. वाम हा मासा आहे. त्याला कल्ल्यांची छिद्रे आणि पाठीवर लांबलचक पर असतो, त्वचा गुळगुळीत असते. गोवा व मालवण पट्ट्यात मच्छीमारांच्या जाळ्यांत दोन जाती वारंवार येतात, हायड्रोफिस शिस्टोसस आणि हायड्रोफिस कर्टस, आणि दोन्ही अत्यंत विषारी आहेत. ओळखण्याची खात्री नसेल, तर साप समजूनच वागावे. वाळूवर निपचित पडलेला साप मेलेलाच असेल असे नाही, तो केवळ दमलेला असू शकतो. त्याला काठीने ढकलत पाण्यात सोडण्याचा प्रयत्न पर्यटकांनी करू नये.

११. समुद्रसाप चावला, पण दुखत नाही. तरीही रुग्णालयात जावे का?

ताबडतोब जावे. या दंशाची फसवणूक इथेच आहे: चावा बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही जेमतेम दिसतात. अनेक दंशांत विष सोडलेलेच नसते हे खरे, परंतु सोडले असेल तर ते अर्ध्या तासापासून काही तासांनंतर कळते. अंग जखडते, हालचाल केली की स्नायू दुखतात, जबडा उघडत नाही, पापण्या जड होतात आणि लघवी गडद तपकिरी होते. विषामुळे तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडात अडकतात आणि रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. श्वसनाचे स्नायूही लुळे पडतात.

रुग्णाला चालू देऊ नये. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवावा. प्रशिक्षण असल्यास संपूर्ण अवयवावर रुंद क्रेप बँडेज मुरगळलेल्या पायाला बांधतात तितके घट्ट गुंडाळावे. दोरीने आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा कृत्रिम श्वसनयंत्र व डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि लक्षणे नसली तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली राहावे.

१२. नागाच्या दंशावरचे इंजेक्शन समुद्रसापावर चालत नाही का?

चालत नाही. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे. समुद्रसापांवरील प्रतिविष ऑस्ट्रेलियात बनते आणि ते हायड्रोफिस शिस्टोसस या जातीच्या विषापासून तयार करतात, जी आपल्या जाळ्यांतही सापडते. प्रतिविष हाताशी नसले तरी श्वसनाला आधार आणि मूत्रपिंडांची काळजी यांवर रुग्ण बरे होतात, पण त्यासाठी वेळेवर पोहोचावे लागते. रांपण ओढणारे आणि ट्रॉलरवर मासळी निवडणारे कामगार हेच या दंशांचे मुख्य बळी असताना त्यांच्यासाठी जाड हातमोजे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण ही प्रत्येक होडीवरील सक्तीची गोष्ट असायला हवी, असे मला तीव्रतेने वाटते. साप उचलायचा असेल तेव्हा लांब आकडी वापरावी आणि जाळ्यातली मासळी अंधारात हाताने चाचपू नये.

१३. गोव्याच्या समुद्रात शार्क आहेत का?

आहेत, आणि आंबटतिख या कालवणातून त्यांची आपली ओळखही आहे: बाजारातील मोरी किंवा मुशी हा लहान शार्कच असतो. पोहणाऱ्यांना त्यांच्यापासून धोका नगण्य आहे. २०२३ साली संपूर्ण जगात, माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या ६९ घटनांची नोंद झाली. नदीमुखे मात्र वेगळी समजावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील वैतरणा नदीत शार्कने एका व्यक्तीच्या पायाचा लचका तोडला होता. गढूळ पाण्यात, विशेषतः जाळी ओढली जात असताना किंवा मासळीची घाण टाकली जाते तेथे, पोहू नये.

१४. मगर समुद्रकिनाऱ्यावर येते का?

गोव्यातील मगर गोड्या व मचूळ पाण्यातली आहे आणि तिचे मुख्य स्थान मांडवी व जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा हे आहे. फोंडा तालुक्यात पौष अमावास्येला मातीची मगर करून ‘मानगे थापणी’ केली जाते. शेजारच्या प्राण्याशी जपून राहण्याची ती जुनी रीत आहे. किनाऱ्यावर मगर सापडण्याची शक्यता फार कमी, परंतु नद्यांच्या मुखाशी आणि खाजण शेतांच्या काठाशी तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये.

१५. ग्रँड बेटाजवळ डायव्हिंग करताना कशाला हात लावू नये?

कशालाच. हा एक नियम सगळ्या याद्यांपेक्षा उपयोगी आहे. सुंदर परांच्या लायनफिशच्या पाठीचे काटे विषारी असतात, आणि खडकासारखा दिसणारा स्टोनफिश दगड समजून पाय टेकल्यावरच कळतो. दोघांच्या दंशावर उपाय प्रश्न ७ व ८ प्रमाणे. समुद्री अर्चिनचे काळे काटे पायात मोडले, तर सुईने उकरत बसू नये. ते ठिसूळ असल्याने तुकडे होऊन अधिक खोल जातात. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख खिशात घालणे सर्वांत धोक्याचे, कारण कोन शंख आतून भाल्यासारखा दात फेकतो आणि त्याच्या विषावर प्रतिविष नाही. लहान मुलांनी गोळा केलेले शंख घरी नेण्यापूर्वी आत जीव आहे का ते पाहावे.

१६. केंड मासा नीट शिजवला तर खाता येतो का?

नाही. केंड, म्हणजे डिवचल्यावर फुगणारा मासा, याच्या यकृतात, अंडाशयात आणि अनेक जातींच्या कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. पाकटाच्या काट्याचे विष उष्णतेने निकामी होते, म्हणून हेही शिजवल्याने जाईल असा तर्क लोक करतात. परंतु हे प्रथिन नसून लहान रेणू आहे आणि उकळल्याने किंवा तळल्याने त्याला काही होत नाही. जेवणानंतर ओठ व जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होऊ लागली, तर तासाभराच्या आत रुग्णालयात पोहोचावे. यावर उतारा नाही, पण श्वास चालू ठेवता आला तर विष शरीराबाहेर जाते आणि माणूस वाचतो.

१७. बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल झाला, अंगावर गांधी उठल्या. ही बांगड्याची अॅलर्जी आहे का?

असू शकते, पण आयुष्यभर बांगडा खाल्लेल्या माणसाला एका दिवशी असे झाले आणि त्याच ताटातील इतरांनाही झाले, तर मासा उन्हात राहिला होता असे समजावे. बांगडा, कुप्पा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना राहिले की जिवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात, आणि तेही शिजवल्याने जात नाही. त्रास बहुधा काही तासांत उतरतो. घसा आवळला किंवा श्वास लागला, तर मात्र ती तातडीची वेळ आहे. खरी अॅलर्जी आहे की नाही, हे डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय बांगडा कायमचा सोडण्याची घाई करू नये.

१८. हणजूणच्या खडकांवर कालवांनी पाय कापला. विष तर नाही ना?

विष नाही, पण जंतुसंसर्गाचा धोका आहे. कोमट, मचूळ पाण्यातील व्हिब्रिओ जातीचे जिवाणू अशा कापांतून शिरतात. निरोगी माणसाने स्वच्छ पाणी व साबणाने जखम धुवून लक्ष ठेवले तरी चालते. यकृताचा आजार, मधुमेह किंवा दीर्घकाळ मद्यपान असलेल्या व्यक्तींनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यांच्यात हा संसर्ग एक-दोन दिवसांत पायाचे मांस सडवू शकतो आणि जिवावर बेतू शकतो. जखमेभोवती जांभळे फोड आले, तर रात्र असली तरी निघावे. अशा व्यक्तींनी कच्ची कालवे खाऊही नयेत.

१९. जेलीफिशचा डंख बरा झाला होता. दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा वळ उठून खाज सुटली. पुन्हा डंख झाला का?

समुद्रात उतरला नसाल, तर नाही. पहिल्या डंखातील विषाला शरीराने दिलेली ही उशिराची प्रतिक्रिया असते आणि ती काही आठवडे येत-जात राहू शकते. खाजवू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम किंवा गोळ्या घेतल्यास ती शमते. ज्यांना असा त्रास झाला आहे, त्यांना पुढचा डंख अधिक तीव्रतेने लागू शकतो, म्हणून त्यांनी पोहताना अंगभर बाह्यांचा पोशाख वापरावा आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर जीवरक्षकाला ही गोष्ट आधीच सांगून ठेवावी.